रंधा मारताना लाकूड त्याच जागी पुन्हा पुन्हा का उचकटते?

फळीचा बहुतेक भाग हाताला रेशमी लागेल इतका साफ निघतो, परंतु गाठीच्या आजूबाजूचा किंवा रेषा जिथे वळण घेतात तिथला तळहाताएवढा भाग मात्र दर खेपेला उचकटतो. तो साफ व्हावा म्हणून त्यावर आणखी चार हात मारले, तर खड्डे निघण्याऐवजी जास्तच खोल जातात आणि अखेरीस पॉलिश पेपर हाती घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही. घासून घासून पृष्ठभाग वरवर सपाट दिसू लागतो खरा, पण पॉलिशचा पहिला हात दिला की उचकटलेले तंतू ते अधिक पितात आणि नेमका तोच भाग काळपट उमटतो.

या दुखण्यावर सर्वांत आधी सुचणारा उपाय म्हणजे नवा रंधा घेणे, आणि मीही तेच केले होते. शिसवीच्या एका पेटीचे झाकण रंधताना गाठीजवळचा एक पट्टा काही केल्या वठणीवर येईना, म्हणून मी अधिक वजनदार आणि जाड पात्याचा दुसरा रंधा आणला. त्याच्या पात्याला नीट धार लावली, तो झाकणावर चालवला, आणि लाकूड मुकाट्याने साफ निघाले. तीन आठवड्यांनी त्याच फळीचा उरलेला तुकडा त्याच रंध्याने काढायला घेतला, तेव्हा तो जुन्यासारखाच उचकटला. पहिल्या दिवशी गुण आला होता तो ताज्या धारेचा, आणि श्रेय मात्र मी नव्या रंध्याला दिले होते. जुना रंधा उघडून पाहिला, तर त्याचा चिपब्रेकर, म्हणजे पात्याच्या पाठीवर आवळलेली पट्टी, धारेपासून चांगला दोन मिलिमीटर मागे बसलेला होता. म्हणजे तो असून नसल्यासारखाच होता.

आधी खूण ओळखावी

रंध्याने पृष्ठभाग बिघडला म्हणजे तो उचकटलाच असे नाही. खोलीतला दिवा बंद करून फळीवर एका बाजूने, अगदी आडवा उजेड टाकावा आणि मग खुणा पाहाव्यात. तंतू उपटून निघाल्यासारखे लहान खड्डे, ज्यांची एक कड उतरती आणि दुसरी खडबडीत असते, ती उचकटल्याची खूण होय. सारख्या अंतरावर उमटलेल्या बारीक आडव्या लाटा दिसल्या तर पाते थरथरते आहे. फळीभर सरळ गेलेली एकच उंचवट्याची रेघ म्हणजे धारेला पडलेला खाच, आणि प्रत्येक हाताच्या दोन्ही कडांना पायरीसारखी रेघ म्हणजे पात्याचे कोपरे लाकडात रुतत आहेत. शेवटच्या दोन तक्रारी सहज मिटतात: खाच पडलेले पाते तो निघेपर्यंत सहाणेवर घासावे आणि कोपरे रुतत असतील तर धार लावताना दोन्ही कोपऱ्यांवर बोटांचा दाब थोडा वाढवून त्यांना किंचित गोलाई द्यावी. थरथरीकडे पुढे येतो. पुढचे बहुतेक विवेचन उचकटण्याबद्दलच आहे, कारण परत परत उलटणारे दुखणे तेच.

पाते लाकूड कापते असे आपण म्हणतो, पण कापण्याबरोबरच ते लाकूड उचलतही असते. तंतू पृष्ठभागाला तिरपे असून रंध्याच्या दिशेने खाली उतरत असतील, तर धार पुढे पोचण्याआधीच उचललेली ढलपी पहारीसारखी काम करते आणि धारेच्या पुढे लाकडात चीर पाडते. ती चीर तंतूंच्या उताराने आत शिरते, काही अंतरावर ढलपी मोडते, आणि मोडलेल्या जागी खड्डा राहतो. म्हणून सगळ्या उपायांचा रोख एकच असतो: चीर धारेच्या पुढे धावू द्यायची नाही. त्यासाठी धार तीक्ष्ण ठेवता येते, दिशा बदलता येते, ढलपी पातळ करता येते, उठल्या उठल्या ती मोडता येते किंवा धारेच्या अगदी पुढे लाकूड दाबून धरता येते.

धार, आणि ती पाहण्याची रीत

कोणताही स्क्रू फिरवण्याआधी पाते काढून दिव्याखाली धरावे आणि धार डोळ्यांकडे रोखून हळूहळू वरखाली कलती करावी. तीक्ष्ण धारेवरून उजेड परतत नाही, कारण परतायला तिथे पृष्ठभागच नसतो. धारेवर कुठे चांदीच्या तारेसारखी बारीक रेघ किंवा ठिपका चमकला, तर त्या जागी धार बसलेली, म्हणजे बोथट झालेली आहे. दुसरी परीक्षा मऊ लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकावर घ्यावी. पाते हातात धरून पाईनच्या टोकावरून पातळ साल काढली असता मागे तुकतुकीत पृष्ठभाग राहिला पाहिजे. पांढुरकी, चुरगळलेली भुकटी दिसली तर पाते कापत नसून चिरडते आहे. नखावर किंवा हातावरच्या केसांवर धार पाहण्याची सवय अनेकांना असते, पण बोथटपणाकडे झुकलेले पातेही केस काढते, त्यामुळे ती परीक्षा मला पुरेशी वाटत नाही.

धारेचा मुख्य उतार २५ अंशांचा आणि टोकाशी ३० अंशांचा दुसरा बारीक उतार ही नेहमीच्या पात्याची चांगली जोडी आहे. १००० नंबरच्या सहाणेवर पाते घासत राहावे ते पाठीमागच्या बाजूला धातूची बारीक लव पूर्ण रुंदीभर बोटाला लागेपर्यंत. बोट धारेच्या लांबीने कधीही फिरवू नये, पाठीवरून धारेकडे ओढून पाहावे. बहुतेकांची चूक इथेच होते: मध्यभागी लव लागली की पुढची सहाण घेतली जाते आणि कडेचा सेंटिमीटरभर भाग बोथटच राहतो. त्यानंतर ४००० किंवा ६००० आणि शेवटी ८००० नंबरची सहाण घ्यावी, पाठ सहाणेवर सपाट ठेवून लव उतरवावी आणि चामड्यावर दोन-चार हात ओढावेत. पाठ संपूर्ण आरशासारखी करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे; धारेलगतची सेंटिमीटरभर पट्टी सपाट आणि चकचकीत असली म्हणजे पुरे.

सागवानाच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. सागवानात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, त्यामुळे इतर लाकडावर तासभर टिकणारे पाते त्यावर त्याहून बरेच आधी बसते. शेवटचे हात मारण्यापूर्वी पाते पुन्हा सहाणेवर नेणे हा माझा नियम आहे, मग ते कितीही बरे वाटत असो.

लाकडाच्या कलाने

फळीच्या बाजूच्या कडेकडे पाहिले की तंतूंच्या रेषा एका दिशेने वर चढताना दिसतात. रंधा ज्या दिशेने ढकलायचा त्या दिशेने रेषा पृष्ठभागाकडे वर येत असतील तर चीर वरच्या वर बाहेर निघून जाते आणि लाकूड साफ निघते. त्या खाली उतरत असतील तर फळी फिरवून घ्यावी. कडेवर रेषा स्पष्ट नसतील तेव्हा फळीच्या दर्शनी बाजूवरच्या कमानी उपयोगी पडतात. फळीच्या टोकावरील वाढीच्या वलयांवरून गाभ्याची बाजू कोणती आणि सालीची कोणती ते आधी ठरवावे: वलयांच्या कमानीचा पोटाकडचा भाग गाभ्याकडे असतो. गाभ्याच्या बाजूवर कमानींची टोके जिकडे रोखलेली असतात तिकडे रंधा चालवावा, आणि सालीच्या बाजूवर टोकांच्या उलट दिशेने. झाड वर निमुळते होत जाते म्हणून असे घडते. हा नियम पाठ करण्यापेक्षा फळीवर दोन्ही दिशांनी एकेक हलका हात मारून त्याची शहानिशा करावी.

अडचण अशी, की गाठीभोवती तंतू चारही बाजूंनी वळतात, आणि शिसवी, महोगनी यांसारख्या लाकडांत एका पट्ट्यातील तंतू एका बाजूला तर लगतच्या पट्ट्यातील दुसऱ्या बाजूला कललेले असतात. तिथे कल पाहून दिशा ठरवणे अशक्यच असते, कारण एका पट्ट्याची सुलट दिशा ही शेजारच्या पट्ट्याची उलट दिशा ठरते. दिशेचा उपाय इथे संपतो आणि रंध्याच्या जुळणीचा सुरू होतो.

रंधा तिरपा धरून चालवावा असा सल्ला या ठिकाणी हमखास दिला जातो. तिरपा धरलेला रंधा हलका चालतो हे खरे, पण त्याचे कारण असे की त्यामुळे कापण्याचा प्रत्यक्ष कोन कमी होतो: ४५ अंशांवर बसवलेले पाते ४५ अंशांनी तिरपे चालवले तर कोन सुमारे ३५ अंशांवर येतो. कोन उतरला की ढलपी मोडण्याऐवजी उचलली जाते आणि उलट्या रेषेवर उचकटणे वाढूही शकते. तिरप्या हाताने फायदा झालाच, तर तो बहुधा रंध्याची दिशा योगायोगाने तंतूंच्या कलाशी जुळल्यामुळे झालेला असतो.

चिपब्रेकर

पात्याच्या पाठीवर स्क्रूने आवळलेली वाकडी पट्टी म्हणजे चिपब्रेकर. ती ढलपी बाहेर वळवते किंवा पाते ताठ धरते, एवढेच तिचे काम आहे असा समज बराच काळ रूढ होता, आणि त्यामुळे बहुतेक रंध्यांत ती दीड-दोन मिलिमीटर मागे सोडलेली आढळते. जपानमधील यामागाता विद्यापीठात काटो आणि कावाई या प्राध्यापकांनी कापणाऱ्या धारेचे सूक्ष्मदर्शकातून चित्रीकरण केले, तेव्हा वेगळेच चित्र स्पष्ट झाले: चिपब्रेकरची कड धारेच्या अगदी जवळ असली, की ढलपी उठताक्षणी तिच्यावर आदळते, पुढच्या लाकडावर दाबली जाते आणि चीर धारेपुढे धावण्याआधीच थांबते.

हे साधण्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. पहिली, चिपब्रेकरची कड पात्याच्या पाठीला संपूर्ण रुंदीत घट्ट टेकली पाहिजे. दोन्ही आवळून उजेडासमोर धरावेत. फटीतून उजेडाचा कण जरी दिसला, तरी तिथे ढलपी शिरून चिंधीसारखी अडकणार हे निश्चित. फट असेल तर चिपब्रेकरची खालची कड सहाणेवर, मागचे टोक सहाणेच्या पातळीपेक्षा किंचित खाली धरून घासावी, म्हणजे फक्त अगदी पुढची कडच टेकेल. दुसरी, त्या कडेचा पुढचा उतार पुरेसा उभा हवा. अनेक रंध्यांत तो फार निजलेला असतो. कडेला ५० अंशांहून अधिक कोनाचा, नजरेला जेमतेम दिसेल असा उतार देऊन तो चमकवावा. जपानी प्रयोगांत ८० अंशांपर्यंतचा उतारही प्रभावी ठरला होता.

तिसरी गोष्ट म्हणजे अंतर, आणि सगळी मेख तिथेच आहे. जाड ढलप्या काढण्याच्या कामाला एक मिलिमीटर अंतर चालते, मध्यम कामाला अर्धा मिलिमीटर, पण उलट्या रेषेवर शेवटचे हात मारायचे असतील तर चिपब्रेकर धारेपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटरवर असावा लागतो. हे अंतर मोजपट्टीने मोजता येत नाही. स्क्रू जवळजवळ पूर्ण आवळून घ्यावा, पाते खिडकीकडे धरून चिपब्रेकरच्या पुढे पाठीची चमकती रेघ किती उरली आहे ते पाहावे आणि ती दोन केसांच्या जाडीइतकी राहीपर्यंत चिपब्रेकर बोटाने पुढे सरकवावा. स्क्रू शेवटचा आवळताना तो आपसूक थोडा पुढे सरकतो. सैल असताना अचूक जुळवलेले अंतर आवळल्यावर बिघडते, आणि चिपब्रेकर धारेच्या पुढे निघाला तर रंधा कापतच नाही.

जुळणी बरोबर झाली की नाही हे ढलपी सांगते. चिपब्रेकर धारेपासून लांब असताना ढलपी कुरळी होऊन रंध्यातून गुंडाळत निघते. तो कामाला लागला, की तीच ढलपी सरळ ताठ वर उभी राहते आणि ढकलायला किंचित जोर जास्त लागतो. ढलपी हार्मोनियमच्या भात्यासारखी चुण्या पडून निघू लागली, तर चिपब्रेकर गरजेपेक्षा जवळ गेला आहे. त्याला केसभर मागे घ्यावे. पहिल्यांदा सरळ ढलपी पाहून काहीतरी बिघडले असे वाटते, आणि जुळवलेला चिपब्रेकर पुन्हा मागे सारण्याचा मोह होतो. ढलपी पाहण्याऐवजी फळी पाहावी.

इथेच दुसरी तक्रार जन्माला येते: रंध्याचे तोंड, म्हणजे तळातली पाते बाहेर येण्याची फट, तुंबणे. चिपब्रेकर जवळ आणला आणि फ्रॉग (पाते ज्यावर टेकून बसते तो सरकता तुकडा) पुढे सरकवून तोंडही अरुंद केले, तर उभ्या उठणाऱ्या ढलपीला वाटच उरत नाही आणि दोन हातांतच तोंडात बोळा बसतो. दोन्ही उपाय एकदम करू नयेत. चिपब्रेकर जवळ असेल तर फ्रॉग मागे घेऊन तोंड मोकळे ठेवावे. तोंड अरुंद करणे हा उपाय मुख्यतः चिपब्रेकर नसलेल्या रंध्यांसाठी राखून ठेवावा. तिथे तोंडाची पुढची कड लाकूड दाबून धरते आणि चिरेला अटकाव करते.

ढलपीची जाडी

साधा छपाईचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो; शेवटच्या हातांची ढलपी त्याच्या निम्मी किंवा तिसऱ्या हिश्श्याची असावी. इतक्या पातळ ढलपीत लाकूड उपटण्याइतका ताठपणाच नसतो. परंतु आधीच पडलेले खड्डे पातळ ढलपीने काढायला घेतले तर अर्धा दिवस जातो आणि धार मध्येच बसते, मग लाकूड नव्याने उचकटते. आधी चिपब्रेकर जवळ ठेवून मध्यम जाडीने खड्ड्यांच्या तळापर्यंत उतरावे, पाते पुन्हा धारेला लावावे आणि नंतर पातळ हात मारावेत. जाडी जुळवताना पाते आधी पूर्ण मागे घ्यावे आणि पुढे आणत थांबावे. मागे घेत थांबलो, तर जुळणीच्या चाकातील ढिलाईमुळे काम करता करता पाते आपोआप वर सरकते. लाकडी रंध्यात हेच काम हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी होते, पण प्रत्येक बदलानंतर पाचर पुन्हा एकदा ठोकायला विसरू नये.

थरथर होत असेल तर बहुतेक वेळा पाते फ्रॉगवर नीट बसलेले नसते: मध्ये भुशाचा कण, गंजाचा पापुद्रा किंवा फ्रॉगचा सैल स्क्रू सापडतो. सगळे काढून पुसावे आणि आवळावे. तळाला मेणबत्ती घासली की अर्धा जोर वाचतो आणि हात स्थिर राहतो.

रंधा निवडायचाच असेल तर

सध्याचे बहुतेक लोखंडी रंधे लिओनार्ड बेली यांच्या रचनेवर आधारलेले आहेत. त्या रचनेचे हक्क स्टॅन्ली कंपनीने १८६९ मध्ये घेतले आणि तिचे क्रमांक आजही सर्वत्र वापरले जातात. ४ क्रमांकाचा सुमारे २४० मिलिमीटर लांबीचा रंधा पृष्ठभाग साफ करण्यासाठी, ५ क्रमांकाचा ३५५ मिलिमीटरचा जॅक रंधा सर्वसाधारण कामासाठी आणि ७ क्रमांकाचा ५६० मिलिमीटरचा रंधा कडा सरळ करण्यासाठी असतो. लांब रंधा खळग्यांवरून पुलासारखा निघून जातो आणि फक्त उंचवटे कापतो, छोटा रंधा खळग्यात उतरतो. त्यामुळे उचकटलेला भाग साफ करायला छोटाच बरा. एकच घ्यायचा असेल तर मी ५ क्रमांकाचा सुचवेन, आणि त्यासाठी दोन पाती ठेवावीत: एक कोपरे गोल केलेले जाड कामाचे आणि दुसरे जवळजवळ सरळ.

जुना रंधा पाहताना तोंडाच्या कोपऱ्यांशी तडा आहे का ते आधी तपासावे, कारण तडा गेलेला सांगाडा दुरुस्त होत नाही. चिपब्रेकर मूळचा आहे का, पात्याच्या मधल्या लांब खाचेपासून धारेपर्यंतची लांबी किती शिल्लक आहे आणि फ्रॉग डगमगत नाही ना, हे पाहावे. वरचा गंज ही क्षुल्लक बाब आहे. तळ पूर्ण सपाट असण्याचा आग्रहही धरू नये. पुढचे टोक, तोंडाच्या लगतची पुढची पट्टी आणि मागचे टोक एका पातळीत असले की रंधा चालतो. पट्टी लावून पाहताना पाते आत ओढलेले पण आवळलेले असावे, कारण आवळल्याने तळ किंचित वाकतो.

ज्या रंध्यांत पाते उताराची बाजू वर ठेवून बसवतात त्यांत चिपब्रेकर नसतो, आणि उचकटणे कोनाने आवरावे लागते. पाते जिच्यावर टेकते त्या १२ अंशांच्या बैठकीवर २५ अंशांचे पाते ३७ अंशांत कापते, जे आडव्या कापलेल्या टोकांवर उत्तम आणि उलट्या रेषेवर घातक. त्याच बैठकीवर ३८ अंशांचे पाते ५० अंश देते आणि ५० अंशांचे पाते ६२ अंश. एवढ्या उभ्या कोनात लाकूड चिरत नाही, खरवडल्यासारखे निघते. त्याची किंमत म्हणजे जोर जास्त आणि धार लवकर बसणे. असा रंधा घेतला तर वेगवेगळ्या कोनांची दोन पाती बाळगावीत, एकच पाते पुन्हा पुन्हा बदलत बसू नये.

पृष्ठभाग ओल्या फडक्याने हलका पुसून तंतू मऊ करणे हाही उपाय आहे, पण त्यानंतर लगेच हात मारावा लागतो आणि पात्यावरचे पाणी त्वरित पुसावे लागते. तो मी सहसा टाळतो.

त्या फळीचा उरलेला तुकडा अखेर जुन्याच रंध्याने साफ झाला. चिपब्रेकरची कड घासून त्याला उभा उतार दिला, तो दोन केसांवर आणला, फ्रॉग मागे घेतला, आणि गाठीजवळच्या पट्ट्यावर दहा-बारा हातांत सरळ उभ्या ढलप्या निघाल्या. गाठीच्या अगदी कडेला नखाएवढी जागा तरीही खरखरीत राहिली. तिथे तंतू जवळजवळ उभेच होते, म्हणून ती पोलादी स्क्रॅपर पट्टीने खरवडून काढली आणि पट्टीचा खळगा जाणवू नये म्हणून तिच्याभोवतीची वीतभर जागाही तिनेच हलकी पुसून घेतली.